तीन नंबरची ठिणगी

८ जानेवारी, बुधवार

टेलिफोनकाकांची डबी आज वर्कशॉपात आली. आली म्हणजे दोर लावून ओढत आणली. काका जन्मभर टेलिफोन खात्यात लाइनी तपासायचे. कानाला यंत्र लावून, कुठल्या तारेत काय बिघडलंय ते नुसत्या खरखरीवरून सांगायचे. म्हणून सगळ्या गल्लीचे ते टेलिफोनकाका. आणि गाडीला डबी हे नाव त्यांनी स्वतःच ठेवलंय. गोल पाठीची, इंजिन मागे, रेडिएटर नाही, पाण्याचा थेंब नाही, नुसत्या पंख्याच्या हवेवर थंड होणारी. वयाने माझ्याएवढी असेल. "पण तुमच्यापेक्षा कमी कुरकुरते," असं ही म्हणाली. (ही म्हणजे बायको. डायरीत तिचं नाव लिहिलं तर चुकल्यासारखं वाटतं.)

काकांचं दुखणं वेगळंच आहे. त्यांची थोरली बहीण टेकडीवर एकटी राहते, नव्वदीला टेकली आहे. बस खालच्या नाक्यापर्यंतच जाते. काका दर रविवारी डबी घेऊन वर जातात, तिचं सामान पोचवतात आणि तिच्याशी भांडतात. "भांडलो नाही तर दोघांनाही अन्न पचत नाही," म्हणाले. पण चढावर डबी धापा टाकते, मागे गाड्यांची रांग लागते, लोक हॉर्न मारतात. "मला कमी ऐकू येतं मास्तर, पण हॉर्न मेले बरोबर ऐकू येतात." मुलगी म्हणते बाबा, आता गाडी पुरे. ती दातांची डॉक्टर आहे, उपटून टाकायची घाई असतेच, हे काकांचंच वाक्य.

तेव्हा इंजिन नव्याने बांधायचंच आहे तर त्यात जरा दम भरा, एवढंच त्यांचं मागणं. मी म्हटलं, काका, तिसऱ्या गियरमध्ये चढ चढवून दाखवतो. ही दारात उभी होती. "शब्द देताय हं," म्हणाली. मी म्हटलं, हात माझेच आहेत ना.

१५ जानेवारी, बुधवार

इंजिन उतरवलं, खोललं. चार सिलिंडर, दोन इकडे दोन तिकडे, पोटावर झोपलेले. सिलिंडरभोवतीच्या पातळ पापुद्र्यांमध्ये, जिथून हवा खेळते तिथे, वर्षानुवर्षांचा मळ. तो काढतानाच अर्धा दिवस गेला.

ठरवलं ते असं. सिलिंडर आणि पिस्टन थोडे मोठे घालायचे. हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, घासून आतला दाब वाढवायचा. एका कार्बोरेटरच्या जागी दोन. बनवणाऱ्यांनी ह्या इंजिनात पुष्कळ ताकद शिल्लक ठेवली होती, बाहेर काढायची हिंमत नव्हती त्यांच्यात. माझ्यात आहे.

संध्याकाळी मेहुणा आला होता. त्याचं नव्या गाड्यांचं वर्कशॉप आहे, काचेचं ऑफिस, गाडीला वायर लावायची आणि पडद्यावर वाचायचं काय झालंय ते. खिशात हात घालून उभा राहिला. "भाऊजी, ह्या पुराणवस्तूत अजून काय शोधताय?" मी म्हटलं, थांब महिनाभर, तुझ्या पडद्यावर न दिसणारं दाखवतो. हसला. त्याचं हसणं मला कधीच सहन झालेलं नाही.

२४ जानेवारी, शुक्रवार

आज एक पराक्रम केला, तो लिहून ठेवलाच पाहिजे.

चारही सिलिंडरना ठिणगी वाटून देतो तो डिस्ट्रिब्युटर. माझ्याकडे एक जुनं तपासणीचं यंत्र आहे. त्यात डिस्ट्रिब्युटर अडकवून फिरवला की प्रत्येक ठिणगी कुठे पडते ते चकतीवर दिसतं. एक, दोन आणि चार नंबर अगदी खुणेवर. तीन नंबरची ठिणगी मात्र जराशी मागे. फार नाही, पण डोळ्याला दिसेल इतकी. परत फिरवला. परत तेच.

झीज झालेली, दुसरं काय. म्हणजे डबी इतकी वर्षं तीन पायांवर लंगडत चढ चढत होती आणि एकाही मेकॅनिकच्या लक्षात आलं नाही. ह्याआधी काकांनी दोघातिघांकडे दाखवली होती, सगळे ठोंबे. जुना डिस्ट्रिब्युटर भंगाराच्या पिंपात टाकला आणि शर्यतवाले वापरतात तसला नवा मागवला. चारही ठिणग्या सारख्या, कुणी पुढे नाही, कुणी मागे नाही.

हिला जेवताना सांगितलं. ती म्हणाली, "इतकी वर्षं एकाच्याही लक्षात नाही आलं?" मी म्हटलं, तेच तर सांगतोय.

६ फेब्रुवारी, गुरुवार

इंजिन बसवलं, आणि पहिल्याच झटक्याला सुरू झालं. आवाज असा खणखणीत की शेजारचा सुतार रंधा टाकून बघायला आला. दिवसभर मंद चालवून, तेल बदलून, दुपारी एकटाच टेकडीवर गेलो. तिसऱ्या गियरमध्ये. खरंच तिसऱ्या गियरमध्ये. मागे रांग कसली, मीच पुढच्याला हॉर्न मारला.

मोठ्या वळणाच्या वर, पाय दाबून धरल्यावर, मागून एक बारीक टणटण आली, पेल्यात चमचा फिरवल्यासारखी. पाय उचलला की थांबायची. भाग सगळे नवे आहेत, बसतील जागेवर. खाली उतरताना काहीच आवाज नव्हता.

मेहुण्याला फोन करून फक्त "तिसऱ्या गियरमध्ये" एवढंच सांगितलं आणि ठेवला.

९ फेब्रुवारी, रविवार

काका आले, कडक इस्त्रीचा शर्ट घालून. त्यांना घेऊन एक फेरी मारली. मग ते चालवायला बसले. चढावर कुणीही हॉर्न मारला नाही आणि त्यांनी माझ्याकडे असं काही बघितलं की मलाच ओशाळल्यासारखं झालं. "ताईला आता काय सांगू? उशीर झाला म्हणून भांडायची ती. तिचा विषयच काढून घेतलात तुम्ही."

टणटणीचं सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे सांगितलं नाही. माणूस एवढा खूश असताना कुठे काढायचं ते.

२ मार्च, रविवार

सकाळी काकांचा फोन. आवाज ओळखू येईना. डबी टेकडीवर, मोठ्या वळणाच्या पुढे बंद पडली. आधी धूर, मग धडधड, मग काही नाही. मागे रांग लागली आणि लोक खाली उतरून ओरडायला लागले. एकाने काच ठोठावून विचारलं म्हणे, आजोबा, गाडी चालवता येते का.

गाडी ओढून आणली. काका माझ्या शेजारी बसले होते, गुडघ्यांवर दोन्ही हात ठेवून. वाटेत एकदाच बोलले. "ताई जेवायची थांबली असेल."

४ मार्च, मंगळवार

खोललं. तीन नंबरच्या पिस्टनच्या डोक्याला भोक. भोवतीचं अॅल्युमिनियम मेणासारखं वितळलेलं. बाकीचे तिघे ठणठणीत.

काका आणि त्यांची मुलगी दोघेही समोर उभे होते. मला हे नीट आठवून लिहायचंय, कारण मी काय बोललो ते मला आवडलेलं नाही, पण चुकीचं बोललो असंही वाटत नाही.

मी म्हटलं, इंजिनवर ताण आला की ते ठोकायला लागतं. आवाज येतो, टणटण. तेव्हा गियर खाली घ्यायचा. आवाज येत असताना तसंच रेटलं तर असं होतं. काका म्हणाले, "मला नाही ऐकू आला कसला आवाज." मुलीने डोळे मिटून घेतले. काका पुढे म्हणाले, "पण मी गियर बदलला होता. दुसरा टाकला होता. बहुतेक." मी म्हटलं, "काका, बहुतेक म्हणजे नाही. दुसऱ्या गियरमध्ये असं भोक पडत नाही."

काकांनी पिस्टन हातात घेतला. भोकात करंगळी घातली. मग मुलीकडे न बघता मान हलवली. मुलगी हळूच म्हणाली, "बाबा, आज पिस्टनवर निभावलं. उद्या रस्त्यात एखादं पोर असेल आणि त्याची हाक ऐकू येणार नाही तुम्हाला." काकांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला, डबीची किल्ली वेगळी केली आणि तिच्या हातात दिली. भांडले नाहीत, काही नाही. जन्मभर कानांच्या जोरावर पोट भरलेला माणूस, कानांचंच नाव निघाल्यावर काय बोलणार.

वाईट वाटलं. पण पिस्टन खोटं बोलत नाही.

९ मार्च, रविवार

जुन्या गाड्यांच्या हौशी मंडळींचा कट्टा जमतो मैदानावर, तिथे गेलो. सगळे विचारायला लागले, काय मास्तर, तुमचं तिसऱ्या गियरचं इंजिन फुटलं म्हणे. मेहुणाही होता, खिशात हात घालून.

आता माझंही नाक आहे. मी म्हटलं, इंजिन अव्वल होतं, चालवणाऱ्याचे कान गेले आणि त्यांच्यामागून पिस्टन गेला. टेलिफोनवाल्याला इंजिनचा कॉल लागला आणि त्याने उचललाच नाही.

हशा पिकला. मेहुणासुद्धा हसला, आणि ह्या खेपेला माझ्या बाजूने. घरी येताना छान वाटत होतं.

१५ मार्च, शनिवार

काका चालत आले वर्कशॉपात. हातात एक पत्र्याचा डबा, त्यात डबीसाठी वर्षानुवर्षं जमवून ठेवलेले वायसर, स्प्रिंगा, फ्यूज, दोन बल्ब. "मला आता काय करायचेत. तुम्हाला लागतील." मी बसा म्हटलं, बसले नाहीत.

म्हणाले, "तुमची महिनाभराची मेहनत मी एका चढावर घालवली. माफी मागायची राहिली होती." मी म्हटलं, असं काय बोलता काका. ते म्हणाले, "नाही, खरं आहे. केस कापायला गेलो होतो. तो पोऱ्या माझ्या कानाजवळ येऊन ओरडला, काका, कॉल लागला तर उचला हं. मला आधी कळलंच नाही. मग सगळे हसले तेव्हा कळलं." आणि स्वतःही जरा हसले. "छान आहे तसं. कुणीतरी डोकं लावलंय."

 त्यांना माहीत नाही कुणी डोकं लावलंय ते. किंवा माहीत असेल. मी स्प्रिंगांचा डबा उघडून आत बघत बसलो.

ताईंचं विचारलं. मुलगी अधूनमधून सामान पोचवते. ह्यांना घेऊन जायला तिला वेळ नसतो. ताई फोन करते, पण हे आता फोन उचलत नाहीत. भलतंच ऐकू येईल अशी भीती वाटते म्हणे. टेलिफोनकाका टेलिफोन उचलत नाहीत. हे त्यांनी विनोद म्हणून सांगितलं नाही.

संध्याकाळी मुलीचा निरोप आला. इंजिन होतं तसं मूळ स्वरूपात बांधा, आम्ही गाडी विकणार आहोत.

२० मार्च, गुरुवार

मूळ स्वरूपात म्हणजे जुना डिस्ट्रिब्युटर हवा. माझ्या पिंपातलं भंगार केव्हाच उचललं गेलेलं. भंगारवाल्याकडे गेलो. त्याच्या ढिगात ह्याच जातीच्या गाड्यांचे तीन मिळाले, तिन्ही घेऊन आलो. म्हटलं, यंत्रावर लावून बघू, ज्याची झीज कमी तो ठेवू.

पहिला लावला. एक, दोन, चार खुणेवर. तीन नंबर जरासा मागे. म्हटलं, हाही तसाच झिजलाय. दुसरा लावला. तीन नंबर मागे, तेवढाच.  तिसरा लावायचं जिवावर आलं होतं. तोही तसाच.

तीन निरनिराळ्या गाड्या, तीन निरनिराळे मालक, आणि झीज चारांपैकी एकाच जागी, तीसुद्धा मोजून तेवढीच? असं कधी होतं का? आणि काकांचा धरला तर चार झाले.

उठलो आणि पंख्याच्या पत्र्याच्या आवरणात हात घातला. तेल थंड करायची जाळी आत उभी असते. कुठे उभी असते? बरोबर तीन नंबरच्या वाटेत. पंख्याचा वारा आधी तिला लागतो, तिथे तापतो, अडतो, आणि उरलासुरला तीन नंबरच्या वाट्याला येतो. तो बिचारा चौघांत जास्त तापणारच. बनवणाऱ्यांना हे ठाऊक होतं. म्हणून त्यांनी त्याची ठिणगी मुद्दाम थोडी उशिरा ठेवली, म्हणजे तो कमी तापेल, त्याला जरा सांभाळून घेतलं. ती झीज नव्हती. ती त्यांनी केलेली सोय होती, आणि मी ती दोष समजून काढून टाकली. वर मोठे पिस्टन घातले, दाब वाढवला, आणि बाकीच्या तिघा भावंडांएवढंच काम त्याला लावलं.

पिस्टन खोटं बोललाच नव्हता. मीच त्याच्या तोंडी माझं बोलणं घातलं.

आणि ती टणटण मी स्वतः ऐकली होती. माझे कान ठणठणीत आहेत.

२१ मार्च, शुक्रवार

कुणाला काही बोललो नाही.

२५ मार्च, मंगळवार

इंजिन बांधतोय, मूळ मापाने. हात चालतात, त्यांना लाज नसते. दुपारी मुलीचा फोन आला, गाडी कधी तयार होईल. तिला तेव्हाच सांगता आलं असतं. शब्द तोंडाशी आले होते. मी म्हटलं, आठवडाभरात.

मनात हिशेब चालतो तो असला: काकांचं वय झालंच आहे, कान गेलेच आहेत, आज ना उद्या किल्ली द्यावीच लागली असती. हे सगळं खरं आहे. पण असला खरेपणा मनात घोळवताना माझं मलाच तोंड बघवत नाही.

ही म्हणाली, "तुमचं काहीतरी बिनसलंय. जेवताना भातात बोट फिरवत बसता." मी म्हटलं, काही नाही. ती म्हणाली, "माझ्या भावाने काही म्हटलं का?" आमच्या घरी माझ्या दुःखाचं दुसरं कारणच कुणाला सुचत नाही, ह्याचीही लाज वाटली.

शेवटी सांगितलं तिला. सगळं, कट्ट्यावरच्या विनोदासकट. ती पोळी लाटायची थांबली.  मग म्हणाली, "आणि त्यांनी तुमची माफी मागितली?" मी मान हलवली. "आणि तुम्ही घेतलीत?"

२९ मार्च, शनिवार

गेलो काकांकडे. तिन्ही डिस्ट्रिब्युटर पिशवीत घालून. काका खिडकीशी बसले होते, वर्तमानपत्र मांडीवर, वाचत नव्हते. मुलगीही घरी होती. फोन कोपऱ्यात होता, त्यावर एक टॉवेल वाळत घातल्यासारखा टाकलेला.

वाटेत सगळं पाठ केलं होतं. पण सुरुवात केली आणि जीभ जड झाली. तीन नंबर, तेलाची जाळी, मुद्दाम उशिरा ठेवलेली ठिणगी, काय आधी सांगावं सुचेना. मध्येच थांबलो, परत मागून सुरू केलं. पिशवीतून डिस्ट्रिब्युटर काढताना एक हातातून पडला. शेवटी एवढंच धड म्हणता आलं, "काका, चूक माझी होती. तुमच्या कानांची नाही. तो आवाज मी आधीच ऐकला होता आणि तुम्हाला सांगितला नाही. कट्ट्यावरचा तो विनोदही माझाच."

काका शांतपणे ऐकत होते. माझ्या तोंडाकडे बघत, हल्ली बघतात तसे. मग पुढे वाकून त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"मास्तर, फार चांगले आहात तुम्ही."

मी म्हटलं, "काका, मी खरं सांगतोय."

"नाही. तुम्हाला माझी कीव आलीय. पोरीने पाठवलं असेल, नाहीतर तुमच्या बायकोने. मी जन्मभर लाइनवर माणसं ऐकली. खरं बोलणारा इतका अडखळत नाही. एवढं अजून कळतं मला." आणि डोळे पुसले त्यांनी. "माझ्यासाठी स्वतःच्या नावावर असला डाग घ्यायला निघालात. कोण करतं एवढं?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी मला चहा दिला. मी तो प्यायलो.

मुलगी दारापर्यंत सोडायला आली. दार ओढून घेतलं आणि खालच्या आवाजात म्हणाली, "मला पटलं तुमचं. तुम्ही खरं बोलत होतात." मी म्हटलं, मग त्यांना सांगा ना. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "एक वर्ष मी ती किल्ली मागत होते. दर रविवारी ते घरी येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसायचा. आता त्यांनी आपण होऊन सोडलीय. मास्तर, तुमची चूक आहे ती तुमच्याकडेच राहू द्या. परत येऊ नका सांगायला."

मी तिच्यावर चिडायला हवं होतं. ती वाईट नाही, घाबरलेली आहे. पण मी तेवढ्यासाठी गप्प बसलो नाही. जिना उतरताना मला हायसं वाटलं. सांगून झालं, कुणी रागावलं नाही, कुणी विश्वास ठेवला नाही, आणि आता गप्प बस असं वरून सांगितलं. असं सुटायला मिळालं म्हणून मला हायसं वाटलं, हे इथे लिहून ठेवतो.

३ एप्रिल, गुरुवार

डबी तयार. जुन्या मापाचे सिलिंडर, एकच कार्बोरेटर, तीन नंबरची ठिणगी जराशी मागे. टेकडीवर नेऊन आणली. तिसऱ्या गियरमध्ये अर्थातच चढत नाही. वळणाआधी दुसरा टाकावा लागतो, मागे रांग लागते, हॉर्न मारतात. टणटण कुठेही नाही.

हिने विचारलं, गाडी कुणी घेतली का. म्हटलं, एकजण बघायला येणार आहे सोमवारी. "मग रविवार मोकळा आहे तुम्हाला," ती म्हणाली आणि आत गेली.

६ एप्रिल, रविवार

सकाळी मुलीला फोन केला. म्हटलं, मी काकांना ताईंकडे नेतोय डबीतून. ती म्हणाली, चालवणार कोण? मी म्हटलं, निघताना मी.  पुढे म्हटलं, तुम्ही नको म्हणालात तरी मी येणार आहे, मी शेजारीच असेन. ती म्हणाली, "हळू जा."

काका तयार होऊन बसले होते, सामानाची पिशवी मांडीवर. नाक्याच्या पुढे, जिथे बस थांबते, तिथे मी गाडी बाजूला घेतली, खाली उतरलो आणि त्यांच्या बाजूचं दार उघडलं. "काका, इथून तुम्ही." ते नाही म्हणाले. पुष्कळदा नाही म्हणाले. मी दार उघडं धरून उभा राहिलो. शेवटी म्हणाले, "तुम्ही ऐकत बसाल ना? काही वाजलं तर सांगा."

मी हो म्हटलं, आणि ठरवलं होतं की तोंडातून चकार शब्द काढायचा नाही.

त्यांनी आरसा नीट केला आणि गाडी रस्त्यावर घेतली.  चढ सुरू झाला, मोठं वळण दिसायला लागलं. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. मागून पंख्याचा एवढा आवाज येत होता की मलाही इंजिन धड ऐकू येत नव्हतं. आणि वळणाच्या बऱ्याच आधी त्यांचा हात खाली गेला, दुसरा गियर पडला, लोण्यातून सुरी जावी तसा. मी विचारलं, "ऐकू आलं?"

"ह्या गोंगाटात काय ऐकू येतंय. पायाला कळतं. पेडल मऊ पडतं, बसायची जागा थरथरते. मग हात आपोआप जातो. कधीपासून जातोय."

बोलता बोलता त्यांनी वळण घेतलं. थोडं पुढे गेल्यावर त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, ब्रेक ओढला. इंजिन चालूच ठेवलं. दोन्ही हात स्टिअरिंगवर.

"त्या दिवशीही गेला होता," ते म्हणाले. "हात. इथेच."

"हो काका."

"मी तुम्हाला म्हटलं होतं, दुसरा टाकला होता."

"हो."

"तुम्ही म्हणालात, बहुतेक म्हणजे नाही."

"हो."

"आणि मी पोरीसमोर मान खाली घातली. मला वाटलं, माझी आठवणही गेली. नुसते कान नाहीत, डोकंही गेलं." ते समोर रस्त्याकडेच बघत होते. "म्हणजे परवा तुम्ही खरं सांगत होतात."

"हो."

आता ते हातावर हात ठेवतील, काहीतरी चांगलं बोलतील, अशी मी वाट बघत होतो. ही वाट बघत होतो हे आत्ता लिहिताना कळतंय. त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. इतक्या वर्षांत त्या माणसाच्या चेहऱ्यावर मी राग पाहिला नव्हता. तसा फार नव्हताही. होता तेवढा पुरेसा होता.

"उतरा," ते म्हणाले.

"काका, वरपर्यंत एकटे जाल?"

"एकटाच जात होतो."

मी उतरलो. सामानाची पिशवी माझ्या सीटवर ठेवली, दार लावलं. त्यांनी आरशात बघितलं, मागून येणाऱ्या दोन गाड्या जाऊ दिल्या, आणि डबी पहिल्यावरून दुसऱ्यावर घेत वर गेली. पुढच्या वळणाआड जाईपर्यंत मी ऐकत उभा होतो.

नाक्यापर्यंत चालत आलो. वाटेत मुलीचा फोन आला, बाबा कुठे आहेत. म्हटलं, वर पोचले असतील, स्वतः चालवत गेलेत. ती एकदम म्हणाली, "आणि तुम्ही?"

"मला त्यांनी उतरवलं."

का, असं तिने विचारलं नाही.